हात फिरवा, पेडल दाबलं जाईल: कीबोर्डच्या घरगुती सेन्सर स्विचबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक-पंचवटीच्या भजनी मंडळांतून, सुगम संगीताच्या क्लासमधून आणि सातपूर-अंबडला नोकरी करून रात्री वाजवायला बसणाऱ्या हौशी मंडळींकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर ४, ५ आणि ८ वाचा आणि कामाला लागा.

१. हा स्विच म्हणजे नेमकं काय?

कीबोर्डच्या मागे पेडल लावायचा जॅक असतो. पेडल दाबलं की आतल्या दोन तारा एकमेकींना जोडल्या जातात किंवा तुटतात, आणि कीबोर्डला तेवढंच कळतं. पायाऐवजी हाताने, तेही हवेतून, हीच जोड-तोड करणारी डबी म्हणजे हा स्विच. समोर हात आला की सेन्सर ओळखतो, डबीतला छोटा भाग तारा जोडतो आणि कीबोर्डला वाटतं पेडल दाबलं.

हवेत हात फिरवून वाद्य चालवायची कल्पना जुनी आहे. लिऑन थेरेमिनचं हात न लावता वाजणारं वाद्य साधारण १९२० मधलं. रोलँडनेही १९९८ च्या एमसी-५०५ पासून इन्फ्रारेडवर चालणारा डी-बीम आपल्या यंत्रांत दिला.

२. बाजारात तयार पेडल मिळतं. मग हा उपद्व्याप कशाला?

स्टँडवर कीबोर्ड ठेवून खुर्चीत बसत असाल तर पेडलच घ्या, खरंच. हा स्विच मांडी घालून बसणाऱ्यांसाठी आहे. सतरंजीवर बसलेल्या माणसाचा पाय पेडलपर्यंत जाणार कसा? गुडघ्याखाली पेडल दाबून बघणारे भेटतात, पण अर्ध्या तासात पायाला मुंग्या येतात.

पेटीवरून कीबोर्डवर आलेल्या वादकाचा डावा हात भात्यातून मोकळा झालेला असतो. बरेच जण तो नुसता मांडीवर ठेवून बसतात. त्या हाताला काम देणं हाच या खटाटोपाचा मुद्दा. दोन्ही हातांनी कॉर्डसकट वाजवत असाल तर तुम्हाला याचा फारसा उपयोग नाही. पायाच्या दुखण्यामुळे पेडल झेपत नसेल तर सेन्सर कोपराशी किंवा गुडघ्याच्या बाजूला बसवता येतो. बाकी जोडणी तीच.

३. मला सोल्डरिंग येत नाही. जमेल का?

ब्रेडबोर्डवर, म्हणजे छिद्रांत वायर खोचायच्या पाटीवर, जुळणी करून घरी वाजवण्यापुरतं जमेल. कार्यक्रमाला न्यायचं असेल तर डाग द्यायलाच हवेत, कारण टेम्पोच्या एका गचक्यात ब्रेडबोर्डवरची वायर निघते. मोबाईल दुरुस्त करणारा कोणीही डागांचं हे काम पाच-दहा मिनिटांत करून देईल. जोडणी मात्र कागदावर काढून न्या.

४. जोडायचं कुठे? कीबोर्ड उघडावा लागतो का?

उघडू नका. मागच्या बाजूला ‘सस्टेन’ (म्हणजे पट्टी सोडल्यावरही सूर लांबवणं) किंवा ‘पेडल’ लिहिलेला ६.३५ मि.मी.चा मोठा जॅक शोधा. हेडफोनचा जॅक वेगळा, त्यात काही खुपसू नका. जॅकमध्ये बसणारी मोनो पिन घ्या, म्हणजे जिच्यावर एकच काळी पट्टी असते ती. दोन पट्ट्यांची स्टीरिओ पिन काही कीबोर्डवर गोंधळ घालते.

आपली डबी आणि कीबोर्ड यांच्यामध्ये ऑप्टोकपलर हवाच. पीसी८१७ हा चार पायांचा ऑप्टोकपलर काही रुपयांत मिळतो. आत एका बाजूला छोटी एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश पडला की वाहू लागणारा ट्रान्झिस्टर. दोघांमध्ये तारेचा संबंध नाही, जातो तो फक्त प्रकाश. त्यामुळे तुमच्या जोडणीत काही उलटंसुलटं झालं तरी कीबोर्ड सुरक्षित राहतो.

ठिपका असलेला पाय पहिला. १ आणि २ हे एलईडीचे धन-ऋण, ३ एमिटर, ४ कलेक्टर. आता पिनेला केबल जोडा, दुसरं टोक मोकळं ठेवा, कीबोर्ड चालू करा आणि मल्टिमीटरने टोकाचे व्होल्ट मोजा. बहुधा ३.३ किंवा ५ व्होल्टच्या आसपास दिसतील. जी तार धन तिला चौथा पाय, जी ऋण तिला तिसरा. उलट जोडलंत तर काही जळणार नाही, पण चालणारही नाही.

५. कॅसिओ आणि यामाहाचं पेडल एकमेकांच्या उलट चालतं म्हणतात. खरं का?

खरं आहे. कॅसिओच्या पेडलमध्ये दाबल्यावर तारा जुळतात. यामाहाच्या एफसी५ सारख्या पेडलमध्ये त्या आधीच जुळलेल्या असतात आणि दाबल्यावर तुटतात.

तुमचा कीबोर्ड कसा आहे ते पेडल न आणताही कळतं. प्रश्न ४ मधली मोकळ्या टोकाची केबल लावून कीबोर्ड चालू करा, पियानोचा टोन घ्या, एक सूर वाजवून सोडा. मग दोन तारा एकमेकींना टेकवून तसंच करा. टेकवल्यावर सूर लांबला तर साधी जोडणी चालेल. तारा सुट्या असताना लांबत असेल आणि टेकवल्यावर तुटत असेल तर उलटी जोडणी हवी. हे बिनधास्त करा, पेडलही आत एवढंच करतं.

यात एक मेख आहे. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची जी स्थिती असेल तीच ‘न दाबलेली’ समजतात. अशा कीबोर्डला कुठलीही जोडणी चालते, पण चालू करताना सेन्सरसमोर हात असेल तर सगळं उलटं होऊन बसतं. हात बाजूला घ्या, कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू करा. उलटी जोडणी असेल तर आपली डबी आधी चालू करायची आणि कीबोर्ड नंतर, कारण बंद डबीतला ऑप्टोकपलर नेहमी सुटाच असतो.

६. कुठला सेन्सर घेऊ? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळा सांगतो.

कुठे वाजवणार त्यावर ठरवा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे इन्फ्रारेड अडथळा मोड्यूल. प्रकाश सोडणारी एक पांढरी एलईडी, तशीच दिसणारी पण प्रकाश टिपणारी एक काळी, मध्ये निळी डबी आणि त्यावर फिरवायचा स्क्रू. अंतर दोन ते तीस सेंटीमीटर लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात दहा-बारावर विसंबावं. घरात उत्तम. ऊन अंगावर आलं की आंधळं होतं, आणि काळ्या बाहीचा हात त्याला नीट दिसत नाही.

दुसरा एचसी-एसआर०४, दोन गोल डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक. ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळेवरून अंतर सांगतो. ऊन, अंधार, हाताचा किंवा बाहीचा रंग, कशाचंच त्याला वावडं नाही. पण भजनात नेऊ नका. धातूवर धातू आपटला की कानाला न ऐकू येणारे वरचे आवाजही निघतात, आणि शेजारी टाळकरी बसलेले असताना हा सेन्सर दगा देऊ शकतो. १९५६ च्या झेनिथ टीव्हीचा रिमोट अल्ट्रासॉनिकवरच चालायचा आणि खिशातल्या किल्ल्या खुळखुळल्या तरी चॅनेल बदलायचं, हा किस्सा उगाच प्रसिद्ध नाही. शिवाय हात तिरका असला तर प्रतिध्वनी भलतीकडेच जातो, आणि शालीचं कापड तो गिळून टाकतं.

तिसरा व्हीएल५३एल०एक्स. नखाएवढी चिप, डोळ्याला न दिसणारा आणि न इजा करणारा ९४० नॅनोमीटरचा लेझर सोडते आणि प्रकाश परत येण्याच्या वेळेवरून अंतर मिलिमीटरमध्ये देते. मी सुचवेन तो हाच. दहा-पंधरा सेंटीमीटरवर स्थिर चालतो आणि टाळांचा त्याच्यावर काही परिणाम नाही. मात्र तो बोलतो आर्डुइनोशीच, म्हणजे प्रोग्रॅम भरून चालवायच्या छोट्या बोर्डाशी, त्यामुळे प्रश्न ७ मधली सोपी वाट याला बंद. नव्या चिपवर पारदर्शक किंवा पिवळट फिल्म चिकटवलेली असते, ती काढा. आणि वर काच किंवा अॅक्रिलिक लावू नका. सेन्सर हाताऐवजी काचेचंच अंतर सांगत बसतो.

७. आर्डुइनो न वापरता होईल का?

इन्फ्रारेड मोड्यूल वापरलं तर होईल. या मोड्यूलचं आउटपुट हात दिसल्यावर शून्याकडे जातं. म्हणून ५ व्होल्ट, त्यापुढे १ किलोओहमचा रेझिस्टर, त्यापुढे पीसी८१७ चा पहिला पाय, आणि दुसरा पाय मोड्यूलच्या आउटपुटला. एवढंच. हात आहे तोवर पेडल दाबलेलं, हात काढला की सुटलेलं.

एकदा हात नेला की चालू आणि दुसऱ्या वेळी नेला की बंद असं हवं असेल तर मध्ये सीडी४०१३ फ्लिप-फ्लॉप घालता येतो. पण तिथवर गेलात तर आर्डुइनोच घ्या. नंतर विचार बदलला तर डाग सोडवत बसावे लागत नाहीत.

८. आर्डुइनोची जोडणी आणि प्रोग्रॅम कसा?

आर्डुइनोचा छोटा नॅनो बोर्ड पुरतो. सेन्सरचे दोन डेटा पाय ए४ आणि ए५ ला, वीज आणि ग्राउंड आपापल्या जागी. मोड्यूल ५ व्होल्ट चालवून घेतं की नाही ते त्याच्या पाटीवर वाचा. नुसता ३.३ व्होल्टचा असेल तर थेट नॅनोच्या डेटा पायांना लावू नका, मध्ये लेव्हल शिफ्टर हवा. आउटपुटसाठी कुठलाही डिजिटल पाय घ्या, त्यापुढे ३३० ओहम आणि पुढे ऑप्टोकपलरची एलईडी. साधारण ११ मिलिअँपिअर जातात, नॅनोला ते जड नाहीत.

सेन्सरची लायब्ररी तयार मिळते, अंतर वाचायचं काम तीच करते. तुमचं डोकं चालवायचं ते पुढे. पहिली गोष्ट म्हणजे लागायची आणि सुटायची रेषा वेगळी ठेवा. १२ सेंटीमीटरच्या आत आला की लागलं, १६ च्या बाहेर गेला की सुटलं. दोन्हीला एकच आकडा ठेवला तर हात त्या रेषेवर किंचित हलला तरी पेडल थरथरत राहतं. दुसरं, एकाच वाचनावर विश्वास ठेवू नका. सलग दोन वाचनं सारखी आली तरच माना. तिसरं, चालू-बंद पद्धत असेल तर एकदा लागल्यावर हात पूर्ण बाहेर जाऊन पाव सेकंद होईपर्यंत दुसरा इशारा मोजायचा नाही.

प्रश्न ५ मधली उलटी जोडणी हवी असेल तर आउटपुटची ओळ उलटवा, हार्डवेअरला हात लावू नका.

अल्ट्रासॉनिकच वापरायचा ठरला तर प्रतिध्वनीसाठी थांबायच्या वेळेला मर्यादा घाला. नाहीतर समोर काहीच नसताना प्रोग्रॅम तिथेच ताटकळतो. दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंद तरी सोडा.

९. ऑप्टोकपलरऐवजी रिले लावला तर?

चालेल, पण प्रत्येक वेळी ‘टक्’ वाजेल आणि आलाप चालू असताना शेजारचे वळून बघतील. शिवाय निळ्या १० अँपिअरच्या रिलेचे संपर्क मोटारी-दिव्यांसाठी असतात. पेडलच्या इवल्याशा करंटला ते कालांतराने दगा देतात.

१०. सामान नाशिकमध्ये मिळेल का? खर्च किती?

सोल्डरिंगचं साहित्य, वायर आणि मल्टिमीटरसाठी एम.जी. रोडच्या मोबाईलवाल्यांकडे चौकशी करा, बहुतेक तिथेच काम होईल. इंजिनिअरिंग कॉलेजचा मुलगा घरात असेल तर त्याच्या कपाटात नॅनो आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर प्रोजेक्टमधून उरलेले सापडतील, आधी तिथे बघा. व्हीएल५३एल०एक्स दुकानात मिळाला नाही तर ऑनलाइन मागवावा. प्रश्न ७ ची साधी डबी सहसा दोनशेच्या आत बसते, आर्डुइनोची पाच-सहाशेपर्यंत जाते. ६.३५ ची पिन घेताना पैसे वाचवू नका. हलक्या पिनेचं टोक जॅकमध्ये सैल बसतं आणि मग दोष सेन्सरला दिला जातो.

११. पेटीच्या टोनवर हात फिरवला की सगळे सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. काय चुकतंय?

जोडणीत काही चुकत नाही, सस्टेनचा स्वभावच तो आहे. पियानोचा सूर सस्टेनवर हळूहळू विरतो. पेटी, ऑर्गन, व्हायोलिन असे टोन विरत नाहीत, पेडल दाबलेलं असेपर्यंत वाजतच राहतात. सा वाजवलात, मग रे, मग ग, की तिन्ही एकदम.

पण याच दुखण्याचा उपयोग करता येतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये पेडलचं काम बदलता येतं का पाहा. कॅसिओच्या अनेक मॉडेलमध्ये सस्टेनशिवाय सोस्टेनूटो हा पर्याय असतो. सोस्टेनूटो फक्त पेडल दाबताना खाली असलेल्या पट्ट्यांचेच सूर धरून ठेवतो, नंतर वाजवलेले नेहमीसारखे सुटतात. आता बघा: डाव्या हाताने खर्जातला सा आणि प दाबा. ते वाजत असतानाच उजवा हात सेन्सरवरून फिरवा, मग डावा उचला. सा-प तसाच वाजत राहतो आणि वर दोन्ही हातांनी मोकळेपणाने वाजवता येतं. पुन्हा हात फिरवला की ही आस, म्हणजे धरलेला सूर, बंद. प्रोग्रॅममध्ये चालू-बंद पद्धत ठेवावी लागते. मध्यमाचा राग असेल तर सा-म धरा.

अभंगाआधीच्या आलापीला हे इतकं साजतं की मंडळातले लोक विचारतात तानपुऱ्याचं अॅप कुठलं लावलंय. आवाज मात्र कमी ठेवावा लागतो. धरलेला सूर सगळ्यांच्या वर चढून बसतो आणि बुवांचा गळा झाकतो. ज्या टोनमध्ये तुम्ही आस धरली तोच टोन वरच्या हातालाही मिळतो, ही या पद्धतीची मर्यादा. स्प्लिट (पट्ट्यांचे डावे-उजवे दोन भाग करणं) लावून पाहा, काही मॉडेलवर दोन्ही बाजूंना वेगळे टोन ठेवता येतात. पेडल कुठल्या बाजूला लागू होतं ते मॅन्युअलमध्ये बघावं लागेल.

१२. हाताच्या इशाऱ्याने रिदम सुरू-बंद किंवा फिल-इन करता येईल का?

पेडलला रिदम स्टार्ट-स्टॉप देता येत असेल तर सुरू-बंद नक्की होईल. कॅसिओच्या बऱ्याच मॉडेलवर ही सोय प्रश्न ११ मधल्याच सेटिंगमध्ये असते. फिल-इन, म्हणजे तालात मध्येच भरायचा छोटा तुकडा, पेडलवर देण्याची सोय वरच्या दर्जाच्या कीबोर्डवर मिळते, साध्यावर सहसा नाही. नवरात्रात गरब्याला वाजवणारे हे फार विचारतात. त्यांना माझं म्हणणं असं की रिदम थांबवायचं काम सेन्सरवर ठेवू नका. गर्दीत कोणाचा तरी हात मध्ये आला आणि पाचशे माणसांच्या फेरात ताल बंद पडला, तर तुम्हाला कोणी सोडणार नाही.

१३. उजवीकडे हात नेला तर एक काम आणि डावीकडे नेला तर दुसरं, असं करता येईल?

येईल. दोन इन्फ्रारेड मोड्यूल पाच-सहा सेंटीमीटर अंतरावर ठेवून आधी कुठलं पेटलं ते पाहा, किंवा दिशा ओळखणारी एपीडीएस-९९६० चिप घ्या. अडचण वेळेची आहे. हात पूर्ण पलीकडे गेल्याशिवाय दिशा ठरत नाही, म्हणजे इशारा नेहमी उशिराच कळतो. टोन बदलायला चालेल, तालाशी संबंधित कशालाही नको. आणि पेडलचा जॅक एकच असल्याने दोन कामं द्यायला मिडी, म्हणजे वाद्यांची एकमेकांना संदेश पाठवायची डिजिटल भाषा, लागतं. ते प्रश्न १७ मध्ये.

१४. घरी छान चालतं, कार्यक्रमात आपोआप चालू-बंद होतं. का?

इन्फ्रारेड मोड्यूल असेल तर संशयित म्हणजे दिवे. जुन्या हॅलोजनच्या स्टेज लाइटमधून भरपूर इन्फ्रारेड बाहेर पडतं, एलईडी दिव्यांतून जवळपास नाही. म्हणून एकाच नाट्यगृहात दिवे बदलले की वागणं बदलतं. प्रकाश टिपणाऱ्या काळ्या भागाभोवती काळ्या स्ट्रॉचा सेंटीमीटरभर तुकडा चढवा, बाजूचा प्रकाश अडतो. उघड्यावर, गोदाकाठच्या सकाळच्या कार्यक्रमात, समोर ऊन असेल तर या मोड्यूलचा नाद सोडा.

सेन्सर कुठला का असेना, त्याचा रोख वर छताकडे ठेवा, समोर किंवा बाजूला नको. आडवा लावलेला सेन्सर प्रसाद वाटत फिरणाऱ्यालाही पेडल दाबायला देतो. नाशिक ढोल शेजारी असेल तर डबी कीबोर्डवर दोन बाजूंच्या टेपने न चिकटवता वेगळ्या पाटावर ठेवा. ढोलाचा आवाज सेन्सरला काही करत नाही, पण हादऱ्याने सैल जोड सुटतात.

१५. पॉवर बँकेवर लावलं तर अर्ध्या मिनिटात बंद पडतं, चार्जरवर लावलं तर स्पीकरमधून घरघर येते. वीज द्यायची कशी?

पॉवर बँकेला वाटतं मोबाईल चार्ज झाला. आपल्या डबीला इतका कमी करंट लागतो की ती काम संपलं समजून झोपते. बाजारात कमी करंटसाठी वेगळी सोय असलेल्या पॉवर बँका आहेत. नाहीतर चार रिचार्जेबल एए सेल, म्हणजे ४.८ व्होल्ट, थेट नॅनोच्या ५ व्होल्टच्या पायाला द्या. साधे १.५ व्होल्टचे चार सेल तिथे लावू नका, ६ व्होल्ट होतात. नऊ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी ‘व्हिन’ पायाला लावली तर एका रात्रीच्या भजनाला पुरते.

स्वस्त चार्जरची घरघर ऑप्टोकपलर लावूनही आली, तर डबीची वायर आणि स्पीकरची वायर एकाच जुडग्यात बांधलेली आहे का बघा. कीबोर्डच्या पेनड्राइव्हच्या जागेतून वीज घेऊ नका. ऑप्टोकपलरने मिळालेलं संरक्षण तिथे संपतं.

१६. अंबडच्या कंपनीतून भंगारात निघालेला प्रॉक्सिमिटी सेन्सर आहे. तो चालेल का?

नाशिकमध्ये हा प्रश्न येणारच! इंडक्टिव्ह असेल तर नाही. त्याला फक्त धातू दिसतो. हातात लोखंडी कडं घालून वाजवणार असाल तर गोष्ट वेगळी, पण तेही काही मिलिमीटरवर आणावं लागेल. फोटोइलेक्ट्रिक डिफ्यूज प्रकारचा असेल तर सोनं सापडलं म्हणा. कारखान्याच्या धुळीत, प्रकाशात, हादऱ्यात चालण्यासाठीच तो बनवलेला असतो.

त्याला १० ते ३० व्होल्ट डीसी लागतात, म्हणून १२ व्होल्टचा अॅडॅप्टर द्या. तपकिरी तार धन, निळी ऋण, काळी आउटपुट. एनपीएन असेल तर १२ व्होल्टपासून १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ऑप्टोकपलरच्या पहिल्या पायाला, दुसरा पाय काळ्या तारेला. पीएनपी असेल तर काळ्या तारेतून रेझिस्टर घेऊन पहिला पाय, दुसरा निळ्या तारेला. काळी तार कीबोर्डला थेट लावलीत तर कीबोर्डचं काय होईल ते सांगायला नको. आणि भंगारातला असला तरी गेटपास करूनच बाहेर आणा.

१७. माझ्या कीबोर्डला पेडलचा जॅकच नाही, फक्त यूएसबी आहे. मग?

चौकोनी यूएसबी असेल तर त्यात आर्डुइनो थेट लावून उपयोग नाही. ती जागा कीबोर्डने कॉम्प्युटरचं ऐकण्यासाठी असते, आणि दोन ऐकणारे एकमेकांशी बोलू शकत नाहीत. मध्ये फोन किंवा लॅपटॉप हवा. प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो बोर्ड कॉम्प्युटरला मिडी वाद्य म्हणून दिसू शकतो. त्यातून कंट्रोल ६४ पाठवायचा, ० ते ६३ म्हणजे बंद, ६४ ते १२७ म्हणजे चालू. फोनमधलं अॅप तो निरोप कीबोर्डला पोचवतं.

जुन्या कीबोर्डला पाच छिद्रांचं गोल मिडी-इन असेल तर काम सोपं. आर्डुइनोच्या सिरीयल पायावरून ३१,२५० बॉडने तेच संदेश सरळ जातात. मुलांच्या मिनी कीबोर्डला यातलं काहीच नसतं, तिथे हा नाद करू नका.

१८. हात नेल्यावर उशीर जाणवतो. कमी कसा करायचा?

व्हीएल५३एल०एक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये एका मोजणीला सुमारे ३३ मिलिसेकंद घेतो, वेगवान सेटिंगमध्ये २०. त्यात प्रश्न ८ मधली दोन वाचनांची अट धरली की ४० ते ६५ होतात. आस धरायला हे कळतही नाही. द्रुत लयीत पियानोचं सस्टेन सुरागणिक बदलणाऱ्याला कळेल, त्याने इन्फ्रारेड मोड्यूल आणि प्रश्न ७ ची जोडणी घ्यावी. तिथे थांबण्यासारखं मध्ये काही नाही. आणि प्रोग्रॅम तपासताना सिरीयल मॉनिटरवर आकडे छापायच्या ओळी टाकल्या असतील तर त्या काढा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.